तिसरा पाटा

त्या वर्षी आमच्या घरात भाताच्या पहिल्या घासाला इंजिन सुरू व्हायचं आणि ताटं उचलली तरी बंद पडायचं नाही. बाबा म्हणायचे, डिझेलच घालायचं. नामाकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ आणि आमच्या गाडीचा एकुलता एक ड्रायव्हर, म्हणायचा, पेट्रोलच हवं, डिझेल म्हणजे कानाला त्रास आणि अंगाला वास. आई वाढता वाढता म्हणायची, "इंजान खाऊन पोट भरनार हाय का? बोंबलाचं कालवन निवतंय." आणि मी, जिला कुणीच काही विचारलेलं नसायचं, ती तोंडात घास ठेवून मधेच बोलायची. मला ठसका लागायचा, आई पाठीत धपाटा घालायची, आणि ठसका थांबला की वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच मी पुढं चालू करायची. साठी ओलांडली तरी ही खोड गेलेली नाही. माझी सून म्हणते, आई, आधी घास गिळा, मग भांडा.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. पुढं जीपचं नाक, मागं लांब लाकडी हौदा. हौद्याला पत्रा नव्हता, ऐनाच्या फळ्या होत्या, कारण आमचा माल मीठ, आणि मीठ पत्र्याची बघता बघता चाळणी करतं. गव्हाणच्या खाडीला आमची मिठागरं होती. तिथं गोणी भरायच्या आणि पनवेलच्या बाजारात उतरवायच्या, हेच त्या गाडीचं आयुष्य. दर पंधरा दिवसांनी मी आणि काका तिच्या खाली सरपटत जाऊन चासीला जळकं ऑइल फासायचो, खारानं लोखंड खाऊ नये म्हणून. माझ्या मैत्रिणींच्या हातांना मेंदीचा वास यायचा तेव्हा माझ्या हातांना कसला यायचा ते सांगायला नको. आता त्या बाजूला गेलं की डोक्यावरून मोठाले पूल जातात आणि आमची मिठागरं नेमकी कुठं होती ते मला बोटानं दाखवता येत नाही. त्या गाडीचा कुठला नट कुठं होता ते मात्र अजून सांगता येतं. तर उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आत मीठ हलवायची घाई चाललेली असताना, गाडीचं पेट्रोल इंजिन भर रस्त्यात जाम झालं. ट्रॅक्टरला दोर बांधून तिला पनवेलला युसूफचाचांच्या गॅरेजात ओढत नेली. चाचांनी हेड उघडलं, आत बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि बाबांना म्हणाले, "भाई, इसका हो गया. मरम्मत करून फायदा नाही. दुसरं इंजिन बघा."

चाचांचं गॅरेज एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. मी पनवेलला कॉलेजात होते, आणि गव्हाणची एसटी वेळेवर सुटल्याचं मला तरी आठवत नाही, त्यामुळं माझी निम्मी बारावी त्या गॅरेजच्या दारात उभ्यानं झाली. आधी नुसती बघायची. मग हा पाना दे, तो बोल्ट धर, असं सुरू झालं. मग चाचा चालू इंजिनापाशी मला उभं करून विचारायला लागले, "बोल बेटी, कुठला सिलिंडर रुसलाय?" लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, की आतलं सगळं ऐकू येतं. बऱ्याचदा मी बरोबर सांगायची. चुकलं की ते म्हणायचे, "जा, कान धुऊन ये." मला त्या कामाचं वेड लागलं होतं, दुसरा शब्द नाही. इंजिन उघडल्यावर आत जे दिसतं, एक वस्तू दुसरीसाठी थांबलेली आणि दुसरी तिसरीसाठी, ते बघून माझ्या अंगावर काटा यायचा. बारावीचा निकाल लागला तशी मी आयटीआयचा फॉर्म आणला आणि ट्रेडच्या रकान्यात शाईनं लिहून टाकलं: डिझेल मेकॅनिक. खाली फक्त वडिलांची सही राहिली होती. आईनं फॉर्म वाचला आणि दुसऱ्या दिवशी शिवणक्लासात माझं नाव घालून आली.

बाबांनी फॉर्म घडी करून भिंतीतल्या देवळीत ठेवला. आठ दिवस त्याचं नाव काढलं नाही. मग एका दुपारी, काका पेट्रोलचा कैवार घेत असताना आणि मी त्याच्यावर ओरडत असताना, बाबांनी ताटावरचा हात थांबवला.

"रंजे, तुला लय कलतं ना इंजानातलं?"

"कलतं."

"मग तूच निवड इंजान. काय काय बसवायचं तेबी तूच सांग. मी नि नामा मदी बोलनार नाय." काकानं तोंड उघडलं, ते बाबांनी नुसत्या बोटानं मिटवलं. "गाडीचं पयलं भाडं धड पोचलं, कायबी मोडलं नाय, तर मी सही करीन. मोडलं तर गुमान शिवनक्लासला जायाचं."

"चालंल," मी म्हणाले, आणि त्या दिवशी मी तांदळाच्या किती भाकऱ्या खाल्ल्या ते आईनं पुढं वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं.

मला आज वाटतं, बाबांना मी हरावं असं वाटत नव्हतं आणि जिंकावं असंही वाटत नव्हतं. त्यांना निर्णय स्वतःच्या डोक्यावरून उतरवून गाडीच्या डोक्यावर ठेवायचा होता. आमच्या गावात तोवर मुलगी पाना घेऊन शिकायला गेलेली नव्हती. पण तेव्हा एवढा विचार करायला मला वेळ कुठला होता! मी रात्रंदिवस खेच, खेच, खेच जपत होते. चाचांनी मला शिकवलं होतं की इंजिनाची धाव वेगळी आणि खेच वेगळी. धाव सपाट रस्त्यावर मिरवायला. खेच म्हणजे भरलेली गाडी चढावर उभी केली, आणि पहिला गिअर टाकल्यावर ती कुरकुर न करता पुढं निघाली, ती ताकद. मीठ वाहायचं तर खेच पाहिजे, म्हणजे डिझेल पाहिजे, म्हणजे चार सिलिंडरचं पाहिजे, आणि सावकाश फिरणारं पाहिजे. हे मी बाबांना ऐकवलं, काकाला ऐकवलं, वाटेत भेटलेल्या कंडक्टरलाही ऐकवलं.

कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात आम्ही एका टेम्पोतून गेलो, मी, बाबा आणि चाचा. तो बाजार मी पहिल्यांदा पाहिला आणि मला वाटलं, देवानं माझ्यासाठीच मांडून ठेवलाय. गल्लीच्या दोन्ही बाजूंना इंजिनं, एकावर एक गिअरबॉक्स, टायरांचे मनोरे, रेडिएटर वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यासारखे उभे लावलेले, आणि सगळीकडून ठोकाठोकी. एका दुकानात आमच्या मापाची दोन डिझेल इंजिनं होती. एक ताजं निळं रंगवलेलं, चकाचक. दुसरं लहान ट्रकातून काढलेलं, काळंकुट्ट, वर तेलाची आणि धुळीची साय. दुकानदारानं निळ्याला बॅटरी लावली आणि बटण दाबताक्षणी ते सुरू झालं. काय गोड आवाज! बाबा खूश. चाचा माझ्याकडं बघत गप्प. आता मला कळतं, त्यांना सगळं दिसलं होतं, पण इंजिन मी निवडायचं होतं. ते बंद केल्यावर मी पुढं झाले आणि इंजिनाच्या बाजूला, खाली, तळवा टेकवला. चटका बसला. मिनिटभर चाललेलं इंजिन एवढं तापत नाही. म्हणजे आम्ही यायच्या आधी त्यानं ते चांगलं अर्धा तास चालवून ठेवलं होतं. गार असताना ते सुरू होत नसणार.

"मॅडम को रंग पसंद आया?" दुकानदारानं विचारलं.

"रंग आवडला," मी म्हणाले. "याला इथंच ठेवा, गार होऊ द्या, आम्ही जेवून येतो. मग परत चालू करून दाखवा."

त्याचा चेहरा पडला. चाचा इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या दुकानातले दोघं बाहेर आले. मग मी काळ्या इंजिनाला हात लावला. थंडगार. त्याला बॅटरी लावली. ते दोनदा खोकलं, पांढऱ्या धुराचा एक लोट काढला आणि मग असं बसून, दमदार, धक्-धक् चालायला लागलं की पायाखालची फरशी हलली. मी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. चारही सिलिंडर एका तालात. "हेच," मी म्हणाले. बाबांना तो रंग काही आवडला नव्हता. पण त्यांनी माझ्या लाल झालेल्या तळव्याकडं बघितलं आणि दुकानदाराला म्हणाले, "ह्येच द्या."

पुढचे तीन आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जत्रा. डिझेल इंजिन पेट्रोलच्या जागी बसवायचं म्हणजे नुसतं ठेवून बोल्ट आवळणं नव्हे. गिअरबॉक्सशी जुळवायला लेथवाल्याकडून जाड प्लेट करून घेतली. रेडिएटर मोठा घातला, क्लच दणकट घातला, ब्रेकला बूस्टर लावला, कारण खेच वाढली तर थांबायची ताकदही वाढली पाहिजे. मी दिवसाला एक नवी गोष्ट सुचवायची आणि चाचा म्हणायचे, "बेटी, गाडी करतेस की हत्ती?" शेवटी आम्ही मागच्या पाट्यांपाशी आलो. हौद्याचं वजन ज्या लोखंडी पट्ट्यांच्या जुडीवर बसतं ते पाटे. जास्त भार घ्यायचा तर दोन्ही बाजूंना पाटे वाढवायचे. चाचा म्हणाले, एक पुरे. फार तर दोन. मी म्हणाले, तीन. "तिसरा नको. रिकामी असली की उंटासारखी उडेल." मी म्हणाले, "उडली तर उडू दे चाचा, बसणार तर नाही." आमची गाडी रिकामी कधी असते, असा माझा हिशेब. अंगात आलेलं होतं माझ्या. मी तिसरा घातलाच.

हे जादा पाटे आमच्या घरीच पडून होते, एका जुन्या गाडीचे. मी गव्हाणला जाणाऱ्या शेजारणीकडं निरोप दिला, "घरी सांग, पाटा घेऊन या, मिस्त्री थांबलाय." तासाभरानं गल्लीच्या तोंडाशी आई. तिच्या मागं काका, घामानं निथळत, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला आमच्या घरचा मसाला वाटायचा दगडी पाटा. आईच्या हातात वरवंटा. शेजारणीनं निरोप आईला दिला होता, आणि आमच्या घरात पाटा म्हटलं की दुसरा कुठला? "एसटीत कंडक्टर बसू देत नव्हता," आई धापा टाकत म्हणाली. "काय वाटायचं हाय एवढं?" चाचांनी वरवंटा अदबीनं हातात घेतला आणि म्हणाले, "भाभी, दावत आहे का? गोश्त मी आणतो." आम्ही सगळे पोट धरून हसलो, काकासुद्धा, दगड उतरवल्यावर. पण आई हसता हसता थांबली. मी गाडीखालून बाहेर आले होते, ओढणी कमरेला बांधलेली, कोपरापर्यंत काळी. तिनं मला गॅरेजात काम करताना त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. ती तिथल्या खोक्यावर बसली आणि अर्धा तास बघत राहिली. मी बोल्ट आवळला की तिचे दातही आवळले जायचे. निघताना तिनं पदरानं माझं नाक पुसलं, पदर काळा झाला, आणि ती पाटा तिथंच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी काकाला तो परत खांद्यावरून न्यावा लागला आणि तिकडून लोखंडी पाटे आणावे लागले.

गाडी सुरू झाली त्या दिवशी गल्लीतली सगळी दुकानं बाहेर आली. मी बाबांच्या शेजारी बसले, काका चालवायला, आणि आम्ही गव्हाणच्या रस्त्याला लागलो. काय खेच! काका तिसऱ्या गिअरला नुसता पाय टेकवायचा आणि गाडी ढकलल्यासारखी पुढं जायची. "रंजे, ही ऐकत नाय गं, पलते!" तो ओरडला. पेट्रोलचं नाव त्यानं त्या दिवसापासून टाकलं. खड्ड्यात गाडी अशी उडाली की काकाची जीभ दाताखाली आली आणि मागचा जॅक हौद्यातून उडून रस्त्यावर पडला. आम्ही हसलो. थांबलो, जॅक उचलला, परत हसलो. दुसऱ्या दिवशी घरच्या मिठाच्या गोणी लादल्या आणि तीच गाडी, त्याच खड्ड्यांवरून, होडीसारखी गेली. मला स्वर्ग दोन बोटं उरला. घरचं मीठ हे भाडं धरायचं नव्हतं, पण पहिलं भाडं मिठाचंच असणार आणि सही झालीच म्हणून समजा, असं मी फॉर्म देवळीतून काढून रोज एकदा त्यालाच सांगायची.

आणि मग वैद्यबाई आल्या. त्या पनवेलच्या, शाळेत शिकवायच्या, आणि दरवर्षी पेणहून शाडूचे गणपती आणून घराच्या पडवीत विकायच्या. त्यांचा नेहमीचा टेम्पोवाला आयत्या वेळी आजारी पडला होता. "तुमची गाडी एकदम नवी केलीय म्हणे, स्ट्राँग," त्या बाबांना म्हणाल्या. "मला उद्याच हवी. शंभरावर मूर्ती आहेत. प्लीज नाही म्हणू नका." बाबांचे डोळे भरून आले. "पयलं भाडं देवाचं," ते म्हणाले. "यापेक्षा काय पायजे?" मी मात्र हिशेब मिठाचा केला होता. शाडू म्हणजे नुसती वाळवलेली माती. फॉर्म भरायची शेवटची तारीख दोन दिवसांवर होती.

सकाळी निघालो. काका, वैद्यबाई आणि बाबा पुढं, मी मागं हौद्यात पेंढ्याच्या भाऱ्यांवर. शिरढोण गेलं, कर्नाळ्याचा चढ आला, आणि रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याला मला हवेत फेकायची. मी फळी धरून बसले होते आणि दर उडीला मला एक सोंड तुटलेली दिसायची. चाचांचा उंट मला तेव्हा कळला. पेणला पोचलो तेव्हा वैद्यबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. मूर्तिकाराचं नाव कुणी घेत नसे, सगळे तात्याच म्हणत. त्यांच्या कारखान्यात ओल्या मातीचा आणि रंगाचा वास, आणि फळ्यांवर ओळीनं गणपती, काही रंगवलेले, काही नुसते डोळे उघडायचे राहिलेले. मी तात्यांना म्हणाले, सगळे भरू नका, आधी सहा ठेवा, अंगणात एक फेरी मारून बघू. पेंढा घातला, सहा मूर्ती ठेवल्या, काकानं गाडी हलक्या हातानं फिरवली. अंगणाच्या उंबऱ्यासारख्या उंचवट्यावरून मागचं चाक गेलं आणि टक् असा आवाज आला. एका गणपतीची सोंड आणि उजवा हात पेंढ्यात पडले होते.

तात्यांनी ते तुकडे उचलून पाण्याच्या बादलीत टाकले आणि म्हणाले, "माती आहे, परत भिजेल." पण वैद्यबाई कपाळ चोळत म्हणाल्या, "सॉरी, ही गाडी नको. मी दुसरी बघते." बाबा माझ्याकडं बघत नव्हते. ते खाली, आपल्या चपलांकडं बघत होते, आणि मला इतकी लाज वाटली की रडू येईना, रागच आला. स्वतःचाच. त्या रागातच मी गाडीच्या मागं जाऊन बसले आणि पाट्यांकडं बघितलं. जुडी ताठ होती, जरासुद्धा वाकलेली नव्हती. कशी वाकेल? ती मी दोन टन मिठासाठी केली होती आणि तिच्यावर पेंढा ठेवला होता. गाडी वाईट नव्हती. ती उपाशी होती.

"बाबा," मी ओरडले, "पेनला तुमच्या वलखीचे मिठाचे व्यापारी हायत ना?"

"हायत. बंदराकडं. का?"

"गोनी भरूया. खाली मीठ, वर गनपती. भार बसला की पाटे नरम व्हतील. घरच्या मिठाला गाडी कशी गेली, आठवा!"

काकानं कपाळावर हात मारला आणि थेट स्टिअरिंगवर जाऊन बसला. तासाभरात आम्ही गोणी लादून परत आलो. हौद्यात एक थर मिठाचा, तो दोन ताडपत्र्यांत गुंडाळलेला, कारण पावसाळ्यात मीठ पाझरतं. त्यावर फळ्या, फळ्यांवर पेंढा. आता पाटे छान कमानीत बसले होते. वैद्यबाई मात्र अडल्या. "अहो पण... मिठावर देव?"

तात्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "बाई, दहा दिवसांनी त्याला जायचंय कुठं? खाऱ्या पाण्यातच ना?"

वैद्यबाई हसल्या आणि पहिली मूर्ती त्यांनी स्वतः उचलून दिली. पुन्हा सहा ठेवल्या, पुन्हा अंगणातली फेरी, तोच उंचवटा. काही नाही. मग सगळे भरले.

परतीचा तो प्रवास मी कितीदा तरी आठवते. ताडपत्रीच्या आत, गुडघे पोटाशी घेऊन, मी शंभरावर गणपतींच्या मधोमध बसले होते. वर पावसाचा ताशा वाजत होता. माझ्या नाकासमोर एक छोटी मूर्ती होती आणि मी सगळ्या रस्त्यात तिच्या सोंडेवरून नजर हटवली नाही. खड्डा आला की गाडी खाली बसायची आणि मऊपणे वर यायची, जात्यावर बसलेल्या बाईसारखी. कर्नाळ्याच्या चढाला काकानं गिअर खाली घेतला आणि माझं काळं इंजिन बोलायला लागलं. अंगावर मीठ, मिठावर देव, देवांमध्ये मी, आणि ते कुरकुर न करता चढत होतं. मी एकटीच मोठ्यानं हसत होते आणि "मोरया, मोरया" ओरडत होते. पुढं बसलेल्यांना वाटलं मागं काहीतरी फुटलं, त्यांनी गाडी थांबवली, आणि बाबांनी ताडपत्री उचलून आत बघितलं. मी नुसते दोन्ही हात वर करून दाखवले. पनवेलला वैद्यबाईंच्या पडवीत मूर्ती उतरवल्या. प्रत्येकीची सोंड, प्रत्येकीचे हात वैद्यबाईंनी चष्मा लावून बघितले. एकीलाही चरा नव्हता.

गव्हाणला परतताना बाबांनी मला पुढं बसवलं. मग ते म्हणाले, "शर्त काय व्हती रंजे?"

"कायबी मोडायचं नाय."

"मोडलं?"

"एक मोडला. तात्यांच्या अंगनात."

"भाडं तवा सुरू झालं नवतं," काका मधेच म्हणाला. बाबांनी बोट वर केलं. "कुनामुलं मोडला?"

रस्त्याचं नाव घेता आलं असतं. उंचवट्याचं घेता आलं असतं. काकाचंही घेता आलं असतं, तो बिचारा काही बोलला नसता. "माज्यामुलं," मी म्हणाले. "तिसरा पाटा चाचा नको बोलत व्हते. मी हट्टानं घातला." आणि मग मात्र मला रडू आलं. शिवणक्लासचं मशीन डोळ्यांपुढं फिरायला लागलं. बाबा पुढच्या काचेतून बघत राहिले. "मग उद्या काढ तो," ते म्हणाले. "माज्यासमोर."

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगून मी तो काढला. चाचांना मी हात लावू दिला नाही. बाबा खोक्यावर बसले होते, पण पाटा सुटायच्या वेळी उठले आणि जुडीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. चाचा हळूच त्यांना म्हणाले, "भाई, माझ्याकडं वीस मिस्त्री शिकून गेले. एकानंही 'माझी चूक' असं म्हटलेलं मला याद नाही." बाबांनी रुमालानं हात स्वच्छ पुसले, खिशातून घडी केलेला फॉर्म काढला, आणि बॉनेटवर ठेवून, आमच्या शाळेच्या दाखल्यांवर करायचे तशी पूर्ण नावाची, वळणदार सही केली. "चल, शेवटची तारीख हाय," ते म्हणाले. मी तो त्यांच्या हातातून ओढलाच. आणि तशीच पळत सुटले, हात न धुता, चप्पल एका पायात नीट नसताना.

खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. सहीच्या शेजारी ग्रीसचा, चांगला ठसठशीत, काळा अंगठा उमटला होता.

"हे काय? वडील सही करतात की अंगठा लावतात? एक काहीतरी ठेवा."

"सही वडिलांची आहे," मी धापा टाकत म्हणाले. "अंगठा माझा."

त्यानं ट्रेडचा रकाना वाचला. मग खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या माझ्या हातांकडं बघितलं, नखं, बोटं, कोपरं. मग माझं नाव परत वाचलं. शिक्का शाईत बुडवून त्यानं फॉर्मवर मारला, अंगठ्यावर पडणार नाही असा जपून, आणि म्हणाला, "सोमवारी या. येताना जुने कपडे घाला."